ग्रामपंचायतीच्या पैशातून शाळेतील व्यसन-प्रतिबंध : एकाच उपक्रमाची दोन वर्षे

विदर्भातील आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते आठवीचे वर्ग आहेत आणि मी त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची पालक सदस्य आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. त्यामुळे एरवी ज्या बायकांनी शाळेच्या कार्यालयात पाऊलही टाकले नसते, त्यांच्यापुढे प्रस्ताव, ठराव आणि खर्चाची पत्रके सहीसाठी येतात. गेल्या दोन वर्षांत अशाच रीतीने आमच्यापुढे आलेल्या एका उपक्रमाविषयी मी लिहीत आहे. शाळेतील मुलांना व्यसनापासून दूर ठेवण्याचा हा उपक्रम स्थानिक निधीतून चालतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणची एक स्वयंसेवी संस्था तो राबवते. पहिल्या वर्षी तो जवळजवळ वाया गेला. दुसऱ्या वर्षी त्याच संस्थेने, त्याच गावात, बहुतांशी त्याच मुलांबरोबर असे काम केले, की मी आज ते इतर गावांना मनापासून सुचवू शकते. मधल्या काळात बदलली ती पैसा देण्याची रीत, आणि म्हणून हा अभिप्राय संस्थेपेक्षा त्या पैशाविषयी अधिक आहे.

आमच्या भागात मुलांच्या व्यसनाचा विचार दारूच्या आधी खर्र्यापासून सुरू करावा लागतो. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला मावा म्हणतात, त्याच्याच जातीचा हा पदार्थ आहे. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र करून पानठेल्यावर गिऱ्हाइकासमोर घोटतात आणि प्लास्टिकच्या पन्नीत बांधून देतात. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, परंतु खर्रा कारखान्यातून पाकीटबंद होऊन येत नाही. तो ठेल्याठेल्यावर ताजा तयार होतो, त्यामुळे गोदामावर पडलेली धाड त्याच्यापर्यंत पोचत नाही. लग्नाच्या मांडवात तो असतो, मयतीच्या बैठकीत असतो, रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मजुरांना चहाबरोबर दिला जातो. तंबाखू वाईट हे आता बहुतेकांना ठाऊक आहे, पण सुपारी ही पूजेच्या ताटातली वस्तू, तिच्याविषयी कोणाच्या मनात शंका येत नाही. ती तंबाखूविनाही कर्करोग निर्माण करू शकते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच प्रसिद्ध केलेले आहे. मला मात्र ते दुसऱ्या वर्षीच्या पालक सभेत पहिल्यांदा कळले, आणि त्या सभेतील माझ्या शेजारणीलाही.

पहिल्या वर्षी उपक्रमाचा निधी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आला. सरकारी पैशाचे वर्ष 31 मार्चला संपते आणि न वापरलेला पैसा परत जाण्याची भीती प्रत्येक कार्यालयाला असते, हे आम्हाला नंतर समजले. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्यातील इतर शाळांच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे जुलैपासून फेब्रुवारीपर्यंतचे सगळे सलग महिने हातचे गेले होते आणि वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. अशा दिवसांत शाळेच्या पटांगणात एक कार्यक्रम झाला. मंडप होता, ध्वनिक्षेपक होता, फलक होते, पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. कर्करोगाने खाल्लेल्या जबड्यांची मोठी छायाचित्रे दाखवण्यात आली, तेव्हा पहिली-दुसरीची मुले रडू लागली आणि त्यांना वर्गात न्यावे लागले. त्यानंतर व्यसनातून बाहेर पडलेल्या एका गृहस्थांनी आपली कहाणी सांगितली. ते प्रामाणिकपणे बोलत होते आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु तरुणपणी मित्रांबरोबर काय काय केले, कशाने किती नशा चढे, याचे वर्णन त्यांनी इतके रंगून केले, की मागच्या ओळीतील मोठी मुले एकमेकांना कोपराने ढोसून हसत होती. शेवटी सर्वांनी उजवा हात पुढे करून शपथ घेतली, तिचे छायाचित्र काढले गेले आणि उपस्थितांची संख्या 'लाभार्थी' या रकान्यात भरली गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या आठवीतल्या मुलाने मला विचारले, "आई, पंक्चरच्या सोल्यूशननं खरंच चक्कर येते का?" हा प्रश्न त्याला त्या कार्यक्रमातून मिळाला होता. आमच्या गावात तोवर सोल्यूशन हुंगण्याचा प्रकार मी तरी ऐकला नव्हता.

पुढे मी या विषयावर जे काही मिळेल ते वाचायला लागले, तेव्हा आमच्या पटांगणात जे घडले ते अपवाद नव्हते असे दिसले. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने प्रतिबंधाच्या कामासाठी आंतरराष्ट्रीय मानके 2013 मध्ये तयार केली आणि 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेबरोबर त्यांची सुधारित आवृत्ती काढली. भीती दाखवणे, नुसती माहिती देणे, एखाद्या दिवसाचे व्याख्यान ठेवणे आणि पूर्वी व्यसनी असलेल्या व्यक्तीचे अनुभवकथन घडवणे, या गोष्टींचा उपयोग होत नाही आणि काही वेळा उलटा परिणामही होतो, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. ज्याचा उपयोग होतो, ते काम दिसायला अगदी साधे आहे: प्रशिक्षित व्यक्तीने ठरावीक अंतराने घेतलेली अनेक सत्रे, ज्यांत मुले स्वतः बोलतात, नकार द्यायचा सराव करतात, रागाला आणि कंटाळ्याला काय करायचे ते शिकतात, आणि त्याच्या जोडीला पालकांबरोबरचे काम. आमच्या पहिल्या कार्यक्रमात उपयोग न होणाऱ्या चारही गोष्टी एका सकाळी उरकल्या गेल्या होत्या.

मी संस्थेच्या कार्यकर्त्यांना हे स्पष्टच विचारले. त्यांचे उत्तर ऐकून माझा राग निवळला आणि चिंता वाढली. सत्रांची पद्धत त्यांना माहीत होती, तशी माणसेही त्यांच्याकडे होती, परंतु ज्या शीर्षकाखाली निधी मिळाला त्यात 'जनजागृती कार्यक्रम' एवढेच लिहिलेले होते. मंडपाचे देयक मंजूर होते, फलकाचे होते, अल्पोपाहाराचे होते. वर्षभर आठवड्यातून दोन दिवस शाळेत येणाऱ्या माणसाच्या मानधनासाठी पत्रकात रकानाच नव्हता.

ग्रामपंचायतीकडे पैसा कुठून येतो आणि कशासाठी येतो, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण आमच्या समितीने येथेच सर्वांत जास्त वेळ घालवला. पंधराव्या वित्त आयोगाचे 2021 ते 2026 या काळातील अनुदान ग्रामपंचायतींना दोन भागांत मिळत होते. त्यातील 60 टक्के बंधित असे आणि ते पाणी व स्वच्छता यांवरच खर्च करावे लागे. उरलेले 40 टक्के अबंधित म्हणवत असे आणि राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांपैकी गावाला ज्याची गरज वाटेल त्यावर ते वापरता येई; परंतु वेतन आणि आस्थापना यांवरचा खर्च त्यातून करण्यास मनाई होती. या 29 विषयांत व्यसन-प्रतिबंध असा स्वतंत्र विषय नाही. आरोग्य आहे, शिक्षण आहे, महिला व बालविकास आहे, समाजकल्याण आहे. व्यसनाचे काम यांतल्या कोणत्या तरी विषयाच्या आडोशाला उभे करावे लागते. ग्रामसेवकाला लेखापरीक्षणाची धास्ती असते, म्हणून ज्याचे पक्के बिल मिळते त्याच गोष्टी तो गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात लिहितो. मंडपाचे बिल मिळते. मुलाशी चाळीस मिनिटे बोलल्याचे बिल कोणी देत नाही. मनाईमागचे कारण मला समजते, अनुदान पगारात जिरून जाऊ नये हा हेतू योग्यच आहे. परंतु व्यसन-प्रतिबंधासारख्या कामात माणूस हाच मुख्य खर्च असतो आणि तो वगळला की मागे समारंभ तेवढा उरतो.

वाट मिळाली ती ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून. घरपट्टी, आठवडी बाजाराचा लिलाव, गाळ्यांचे भाडे यांतून जो स्वनिधी जमतो, त्यातील 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, आणि आमच्याकडे ही रक्कम अनेक वर्षे शिलाई यंत्रे आणि हळदीकुंकवाच्या कार्यक्रमांवर जात होती. 1 मेच्या ग्रामसभेत आम्ही सात-आठ जणींनी ती मुलांच्या व्यसन-प्रतिबंधासाठी मागितली. एकट्या गावाची रक्कम पुरेशी नव्हती, म्हणून लागूनच्या दोन ग्रामपंचायतींना सोबत घेतले. तीन गावांनी मिळून एका समन्वयक ताईंचे दहा महिन्यांचे मानधन आणि प्रवासखर्च उचलायचा, संस्थेने प्रशिक्षण आणि देखरेख द्यायची, शाळेने आठवड्याची एक तासिका द्यायची, असे ठरले. सरपंचांनी सुरुवातीला शंका काढल्या, पण ठराव त्यांनीच वाचून दाखवला, ही गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. पैसा जुलैच्या पहिल्या आठवड्यात संस्थेच्या खात्यावर जमा झाला.

ताई पहिला महिनाभर व्यसन हा शब्दही काढत नव्हत्या. मुलांची नावे पाठ करणे, खेळ, गोष्टी, कोणाला कशाचा राग येतो याच्या गप्पा, यांतच चार तासिका गेल्या आणि आमच्या समितीतील एका सदस्यांनी 'पैसे खेळायला दिले का?' असे विचारलेही. पाचव्या तासिकेला मी वर्गात मागे बसले होते. ताईंनी सातवीच्या मुलांना एवढेच विचारले, की घरच्यांसाठी दुकानातून काय काय आणायला तुम्ही जाता? मुले सांगू लागली: साखर, तेल, मोबाइलचे रिचार्ज, काडेपेटी. मग एक मुलगा म्हणाला, "बाबासाठी खर्रा." ताईंनी शांतपणे विचारले, अजून कोण कोण आणतं? हात वर होत गेले, आणि शेवटी वर न झालेले हात मोजणे सोपे होते. मुलींचेही हात वर होते. एक मुलगी म्हणाली, की बाबा कमी तंबाखूचा घेतात, तिला माप माहीत आहे, म्हणून तिलाच पाठवतात. दुसरा म्हणाला, की पन्नीतून थोडा सांडतो तो वाया कशाला घालवायचा, म्हणून वाटेत तोंडात टाकतो.

मी या गावात पंधरा वर्षे राहते आणि मुलांना खर्रा आणायला पाठवतात हे मी रोज पाहत होते. मीही माझ्या मुलाला सासऱ्यांसाठी पाठवलेले आहे. ते व्यसनाचे पहिले पाऊल असेल हे माझ्या मनात कधी आले नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे व्यसन म्हणजे पिऊन पडलेला माणूस होता.

त्या तासिकेनंतर झालेली पालक सभा ही या संपूर्ण उपक्रमातील सर्वांत मोलाची गोष्ट होती. ताईंनी मुलांची नावे न घेता फक्त काय काय ऐकले ते सांगितले. सभेत कोणी कोणावर ओरडले नाही. कायदा काय म्हणतो तेही त्यांनी सांगितले: सिगारेट व इतर तंबाखू उत्पादनांच्या 2003 च्या कायद्यातील सहाव्या कलमाने 18 वर्षांखालील मुलाला तंबाखू विकण्यास बंदी आहे, आणि 2015 च्या बाल न्याय कायद्यातील 77 व्या कलमाखाली मुलाला मादक किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र सभेवर परिणाम झाला तो एका आजोबांच्या बोलण्याचा. ते उठून म्हणाले, "आजपासून माझा खर्रा मीच आणीन. पाय दुखले तर खाणार नाही." त्यानंतर बहुतेक घरांनी तेच ठरवले. पाळले किती जणांनी, याचा पक्का हिशेब माझ्याकडे नाही. परंतु संध्याकाळी ठेल्यासमोर शाळेच्या गणवेशातील जी मुले दिसत, ती दिवाळीपर्यंत दिसेनाशी झाली, हे मी आणि माझ्यासारख्या अनेकींनी डोळ्यांनी पाहिले. या बदलाला एक रुपयाही वेगळा लागला नाही. त्यासाठी लागले ते पाच आठवडे मुलांशी बोलत राहिलेले माणूस, ज्याच्यासमोर मुलांना खरे बोलावेसे वाटले.

सप्टेंबरमध्ये ग्रामीण रुग्णालयाच्या दंतवैद्यांना बोलावून तोंडाची तपासणी झाली. तिची पद्धत मी मुद्दाम सांगते, कारण ती घरीही करता येते. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका अशी स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालायची. ती समोरच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये सहज मावली पाहिजेत. सुपारी चघळण्याने गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठर होते, तिची लवचीकता जाते आणि तोंड उघडेनासे होते. झालेली हानी पूर्ण भरून येत नाही, पण सवय तेव्हाच थांबवली तर पुढचे बरेच टळू शकते. आठवीतल्या एका मुलाच्या तोंडात दोनच बोटे गेली. त्याने तिसरे घालायचा प्रयत्न केला, मग हसला, मग त्याच्या लक्षात आले की त्याच्या मागे उभ्या असलेल्या सर्वांची तीन गेली आहेत. दंतवैद्यांनी त्याला बाजूला घेऊन बराच वेळ समजावले आणि जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. कर्करोगाच्या छायाचित्रांनी जे झाले नाही ते त्या दोन बोटांनी केले. कारण छायाचित्रातील जबडा परक्या माणसाचा होता आणि हे तोंड त्यांच्याबरोबर रोज कबड्डी खेळणाऱ्या मुलाचे होते.

शाळेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही. ही हद्द रस्त्यावर पिवळ्या रेघेने आखावी, अशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थांसाठीची सूचना आहे. आमच्या मुलांनी शिक्षकांबरोबर टेप धरून मोजमाप केले, तेव्हा एक पानठेला हद्दीच्या पुष्कळ आत निघाला. ठेलेवाल्याची मुलगी आमच्याच शाळेत सहावीत आहे, म्हणून हा प्रश्न दंडाने सोडवावा असे कोणालाच वाटले नाही, आणि दंडाची रक्कमही 200 रुपयांपर्यंतच आहे. ग्रामपंचायतीने त्याला बसथांब्याजवळ जागा दिली. त्याला महिनाभर तोटा झाला आणि त्याने तो बोलून दाखवला. त्याची तक्रार खोटी नव्हती. स्थानिक संस्थेच्या हातात अशी जागा देण्याची, परवाना नाकारण्याची, बाजार आखण्याची जी ताकद असते, ती कोणत्याही संस्थेच्या शिबिरात नसते, आणि म्हणून हा उपक्रम ग्रामपंचायतीच्याच पैशाने आणि नावाने व्हावा असे मला वाटते.

उणिवाही आहेत आणि त्या लपवून शिफारस करणे योग्य होणार नाही. सर्वांत मोठी उणीव आमच्या समितीचीच आहे: जुलैमध्ये काम सुरू करण्यापूर्वी मुलांची नावे न विचारता एक साधी प्रश्नावली भरून घ्यायला हवी होती, ती घेतली नाही. त्यामुळे आज आमच्याजवळ अनुभव आहेत, आकडे नाहीत. या बाबतीत आइसलँडचे उदाहरण मला फार शिकवणारे वाटले. तेथे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेल्यांचे प्रमाण 1998 मध्ये 42 टक्के होते, ते 2016 मध्ये 5 टक्क्यांवर आले. त्यामागे शाळाशाळांतून नियमित होणारी पाहणी होती, जिचे निष्कर्ष लगेच त्या त्या नगरपालिकेच्या आणि शाळेच्या हाती पडत. मुलांनी खेळ, संगीत, नृत्य शिकावे म्हणून रेक्याविक नगरपालिका प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम कुटुंबाला देत असे. आणि पालकांनी संध्याकाळचा वेळ मुलांबरोबर घालवावा यासाठी त्यांच्याशी लेखी करार केले जात. तो देश लहान आणि श्रीमंत आहे, त्याची नक्कल करता येणार नाही. पण काम सुरू करण्याआधी मोजणे आणि संध्याकाळी मुलांना जायला जागा असणे, या दोन गोष्टींना श्रीमंती लागत नाही. आमच्या गावात व्यायामशाळेची इमारत आहे आणि तिला कुलूप आहे.

दुसरी उणीव वयाची. आठवीनंतर मुले तालुक्याच्या शाळेत जातात, एसटीची वाट पाहत थांब्यावर तास-तास बसतात, आणि नेमक्या त्याच वयात आमचा उपक्रम संपतो. ज्यांनी शाळा सोडली ती तर कोणाच्याच यादीत नाहीत. तिसरी उणीव सोल्यूशन आणि तत्सम हुंगण्याच्या पदार्थांविषयी. पहिल्या वर्षी त्याविषयी नको ते सांगितले गेले, तर दुसऱ्या वर्षी ताईंनी तो विषयच टाळला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण मुलांमध्ये 1.17 टक्के आणि मोठ्यांमध्ये 0.58 टक्के आढळले होते. म्हणजे मोठ्यांपेक्षा मुलांमध्येच ज्याचा वापर अधिक आढळतो असा हा पदार्थ आहे. निदान शिक्षक आणि पालक यांच्याशी तरी त्यावर बोलायला हवे: कोणत्या खुणा दिसतात, कपड्यांना कसला वास येतो, सायकल दुरुस्तीच्या आणि स्टेशनरीच्या दुकानदाराला काय सांगायचे.

हाताशी असलेल्या इतर सोयींपैकी केंद्र सरकारचे नशामुक्त भारत अभियान 15 ऑगस्ट 2020 रोजी 272 जिल्ह्यांत सुरू झाले आणि पुढे देशभर नेण्यात आले. आमच्या अनुभवात त्याचे स्वरूप शपथ, फेरी आणि छायाचित्र असेच राहिले. मात्र त्याचा 14446 हा मोफत दूरध्वनी क्रमांक ताईंनी पालकांच्या वह्यांत लिहून दिला आणि दोन घरांनी तो वापरला. मानसिक ताणासाठी 14416 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांकही आता वर्गाच्या दारामागे लिहिलेले आहेत.

आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे आणि तेथे 2016 पासून 'मुक्तिपथ' हे अभियान चालते. डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी ते मिळून उभे केले. त्यातील मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे तालुक्याला पूर्णवेळ कार्यकर्ते असणे, गावोगावी संघटना असणे आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसन-उपचाराची सोय असणे. शाळेत मुलाशी बोलल्यावर त्याच्या वडिलांना उपचारासाठी कोठे न्यायचे, या प्रश्नाचे उत्तर तेथे जवळ सापडते. आमच्या ताईंना ते सापडत नव्हते. जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊन येण्यात मजुराची एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तेथे गेलेल्या तीन वडिलांपैकी दोघे पहिल्या खेपेनंतर पुन्हा गेले नाहीत.

ज्या समितीपुढे असा प्रस्ताव येईल तिने सही करण्यापूर्वी खर्चाच्या पत्रकात माणसाच्या मानधनाची ओळ आहे का, हे पहिल्यांदा पाहावे. नसेल तर उरलेले वाचण्यात वेळ घालवू नये. मग सत्रे किती, कोणत्या महिन्यांत आणि तीच व्यक्ती प्रत्येक वेळी येणार का, हे लेखी घ्यावे. पैसा जुलैमध्ये हवा असेल तर आराखड्यासाठी होणाऱ्या ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मागणी नोंदवावी लागते; आम्ही मेमध्ये जागे झालो आणि स्वनिधी होता म्हणून निभावले. आपल्या गावाने मागील वर्षी कशावर किती खर्च केला हे ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ग्रामसभेला जाण्यापूर्वी त्याची छापील प्रत हातात असली की बोलणे सोपे जाते. आणि अहवालात 'लाभार्थी संख्या' हा रकाना असेल तर त्याच्या शेजारी 'किती मुलांबरोबर पाचपेक्षा अधिक वेळा काम झाले' असा दुसरा रकाना आखून घ्यावा. संस्थेने आमची ही सूचना मान्य केली आहे.

पहिल्या वर्षाच्या कार्यक्रमाला मी पाचपैकी एक गुण देईन, तोही बहुतेक मुले शेवटपर्यंत बसून राहिली म्हणून. दुसऱ्या वर्षाच्या कामाला चार. तिसऱ्या वर्षासाठी तीनही ग्रामपंचायतींनी ठराव केले आहेत, मानधनात थोडी वाढ सुचवली आहे आणि या वेळी सुरुवातीची प्रश्नावली जुलैच्या पहिल्याच आठवड्यात घेतली जाणार आहे. व्यायामशाळेच्या कुलपाची किल्ली ग्रामसेवकाकडे आहे असे कळले. ती संध्याकाळी पाच ते सात शाळेच्या ताब्यात मिळावी, असा अर्ज आम्ही काल दिला.